वंशावळीच्या अटीवरची शिष्यवृत्ती

उच्च शिक्षणासाठी मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती हा गरिबीवरचा उपाय मानला जातो. परंतु महाराष्ट्रात मागास प्रवर्गांसाठीची शिष्यवृत्ती हाती पडण्यासाठी विद्यार्थ्याला आपल्या गरिबीच्या आधी आपली जात, आपले गाव आणि आपल्या आजोबा-पणजोबांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते, आणि यांपैकी काहीही ज्या घराण्यात कधी कागदावर उतरलेच नाही, त्या घराण्यातील मुलांना ही मदत सर्वांत दुष्प्राप्य होते. विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांची स्थिती नेमकी अशी आहे. इंग्रजी अमलात कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्या शिक्क्यातून मुक्त झालेल्या जातींना विमुक्त म्हणतात, तर उपजीविकेसाठी गावोगाव फिरणाऱ्या समाजांची गणना भटक्या जमातींत होते. महाराष्ट्र शासनाने २१ नोव्हेंबर १९६१ रोजी त्यांची यादी निश्चित केली, आणि तीच तारीख पुढे ‘मानीव दिनांक’ ठरली. म्हणजे त्या दिवसापूर्वीपासून आपले पूर्वज या राज्यात राहत होते, हे अर्जदाराने दाखवून द्यायचे असते. ज्यांना यादीत घेण्याचे कारणच मुळी त्यांची भटकंती हे होते, त्यांच्याकडून एका ठरावीक दिवसाआधीच्या स्थिर वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, ही या व्यवस्थेतील मूळ विसंगती आहे.

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारखे गाव डोळ्यांसमोर आणले, तर या विसंगतीचा व्यावहारिक अर्थ उमगतो. अशा उसाच्या पट्ट्यातील मोठ्या गावाच्या गायरानात पाल टाकून राहिलेल्या कुटुंबातील एखादी मुलगी बारावी होऊन पदवीसाठी पंढरपूरला जाऊ लागली, तर तिला जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तहसील कार्यालयातून, आणि व्यावसायिक अभ्यासक्रम निवडला असल्यास वैधता प्रमाणपत्र सोलापूरच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळवावे लागते. त्यानंतर आधारशी जोडलेले बँक खाते काढून महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर मुदतीत अर्ज भरावा लागतो. जमीन असलेल्या घरातील मुलाला सातबारा, फेरफार आणि गाव नमुना १४ मधील, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतील, आजोबांची नोंद तलाठ्याकडे सापडू शकते. पालावरच्या मुलीचे आजोबा कुठे जन्मले हे घरात ठाऊक असते, पण ते गाव कदाचित आज कर्नाटकात असते, किंवा त्या गावच्या शिवारात त्यांचे बिऱ्हाड चारच दिवस टिकलेले असते. दाखला नाही म्हणजे प्रवर्ग नाही, आणि प्रवर्ग नाही म्हणजे महाविद्यालयाच्या दृष्टीने ती खुल्या गटातली, या शिष्यवृत्तीला मुकलेली विद्यार्थिनी ठरते.

अशा मुलीजवळ बहुधा एकच जुना कागद असतो, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. आणि तो शाळेच्या जनरल रजिस्टरवरून उतरवलेला असतो. पालकांना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहीत, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. जातीच्या रकान्याचेही असेच होते, मात्र त्याचे परिणाम कितीतरी गंभीर असतात. फासेपारधी ही नोंद अनुसूचित जमातींच्या यादीत येते, पाल पारधी आणि राज पारधी या नोंदी विमुक्त जातींच्या यादीत येतात, आणि कैकाडी समाज तर विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जातींत आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. प्रवेशाच्या गर्दीत घाईने लिहिलेल्या एका शब्दावर मुलाची यादी, मानीव दिनांक, पडताळणी समिती आणि शिष्यवृत्ती देणारा विभाग असे सारेच बदलते. आणि सख्ख्या भावंडांच्या दाखल्यांवर दोन निरनिराळे शब्द पडले असतील, तर दोघांचेही दावे संशयास्पद ठरू शकतात.

हे समाज नोंदीविना राहिले असे म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा अंमल १९११ नंतर मुंबई इलाख्यात पसरला, आणि त्याखाली माणसांची नावे, बोटांचे ठसे, रोजची हजेरी आणि गाव सोडण्याचे पास हे सारे बारकाईने लिहून ठेवले गेले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड मोठी वसाहत उभी राहिली, तिच्यातील माणसे कापडगिरण्यांत राबली, आणि ‘सेटलमेंट’ हे नाव शहरातील वस्त्यांना आजही चिकटलेले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. राज्यसंस्थेला या लोकांवर पाळत ठेवायची होती तेव्हा तिने एकेका माणसाचा हिशेब ठेवला; त्याच लोकांच्या नातवंडांना शिकण्यासाठी मदत द्यायची वेळ आली तेव्हा मात्र पुरावा आणण्याचे काम तिने त्या नातवंडांवर टाकले. २००१ पासून अमलात असलेल्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दावा सिद्ध करण्याची जबाबदारी पूर्णपणे अर्जदाराची आहे. ज्याच्या ताब्यात दप्तरे आहेत त्याने स्वस्थ बसावे आणि ज्याच्याजवळ एक चिठोरेही नाही त्याने खेटे घालावेत, ही गोष्ट न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही.

या कडक पडताळणीमागचे कारण खोटे नाही. बनावट दाखल्यांवर राखीव जागा बळकावण्याचे प्रकार घडले, खऱ्या आदिवासी मुलांचे त्यात नुकसान झाले, आणि माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणी समित्यांची आणि दक्षता पथकांची रीत घालून दिली ती त्यामुळेच. परंतु लबाडी करणाऱ्याला कागद तयार करून घेण्याचे मार्ग आणि त्यासाठी लागणारा पैसा उपलब्ध असतो. कागदांची अट जितकी कडक होते, तितकी ती निरक्षर आईबापांच्या मुलांनाच अधिक जाचते. शिवाय राखीव जागा आणि शिष्यवृत्ती यांत मोठा फरक आहे. राखीव जागा मर्यादित असते आणि ती चुकीच्या माणसाला मिळाली की योग्य माणसाची जाते, तर शिष्यवृत्ती म्हणजे एका विद्यार्थ्याने वर्गात बसून पूर्ण केलेल्या एका वर्षाचा खर्च. दोन्हींना पुराव्याचे एकच माप लावण्याची गरज नाही.

येथे अमेरिकेतील एक उदाहरण उपयोगी पडते. तेथे वैध कागदपत्रांविना राहणाऱ्या, बहुधा बालपणी आईबापांबरोबर आलेल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. तरीही कॅलिफोर्निया राज्याने २००१ च्या कायद्याने अशी सोय केली, की ज्याने तीन वर्षे राज्यातील माध्यमिक शाळेत शिकून ती पूर्ण केली आणि आवश्यक ते प्रतिज्ञापत्र दिले, त्याच्याकडून राज्यातील रहिवाशाइतकेच शुल्क घ्यावे, आणि २०११ मध्ये राज्याची आर्थिक मदतही अशा विद्यार्थ्यांना खुली केली. टेक्सासमधील अशीच सवलत जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबली, म्हणजे हा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. तरीसुद्धा शाळेतील हजेरी हाच वास्तव्याचा पुरावा मानण्याची ती कल्पना महाराष्ट्राने अभ्यासावी अशी आहे. ती सवलत दुसऱ्या देशाच्या नागरिकांनाही मिळू शकली. पालावरची मुलगी तर याच देशाची नागरिक आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारले, तेथे सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहिली, आणि ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या पद्धतीत मुलाची शिकण्याची इच्छा आणि कष्टांची तयारी यांनाच मोल होते. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेने या बळावर किती पिढ्या घडवल्या हे सोलापूर-साताऱ्याच्या वाचकाला सांगावे लागत नाही. त्यानंतरच्या काळात योजना वाढल्या, मात्र त्यांच्या दाराशी दाखल्यांचा पहाराही वाढला. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, पुढे भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानेही या समाजांची स्थिती मांडली. आणि केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची योजना आणून तिच्यात मोफत शिकवणीची सोय केली, तेव्हा तिच्या लाभासाठीही विमुक्त वा भटक्या समाजाचा असल्याचे प्रमाणपत्रच पुढे आले.

या कोंडीतून निघण्यासाठी शिष्यवृत्तीपुरती पुराव्याची दिशा बदलावी लागेल. ज्या विद्यार्थ्याने राज्यातील शाळेत दहावीपर्यंत शिक्षण घेतले आहे, त्याचे जनरल रजिस्टर, पालकांचे प्रतिज्ञापत्र आणि तो राहतो त्या वस्तीवर जाऊन केलेली गृहचौकशी एवढ्यावर त्याला तात्पुरती मान्यता मिळावी, आणि महाविद्यालयातील हजेरी पाहून दर वर्षीचे पैसे द्यावेत. मानीव दिनांकाची कसोटी राखीव जागा, नोकरी आणि निवडणूक यांसाठी राहू द्यावी. गृहचौकशी करणाऱ्या कर्मचाऱ्याने समाजातील वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत, कारण या समाजांत नात्यांची आणि कुळांची माहिती तोंडी पण काटेकोर जपलेली असते. दक्षिण महाराष्ट्रात फिरणारे हेळवे तर पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या वंशावळी सांगत आले आहेत, आणि ते स्वतः भटक्या जमातींच्या यादीत आहेत. सेटलमेंटची जी जुनी दप्तरे शासकीय अभिलेखागारांत उरली असतील, ती शोधून सूचीबद्ध करणे आणि पडताळणी समितीने अर्जदाराला न पाठवता स्वतः तपासणे हे शासनाचे काम आहे. आणि ही चौकशी पावसाळ्यात, अनेक बिऱ्हाडे एका जागी थांबलेली असताना व्हायला हवी, म्हणजे महाविद्यालयीन वर्षाच्या आरंभीच मुलीच्या हाती निर्णय पडेल. दिवाळीनंतर बिऱ्हाड हलले की चौकशीला आलेल्या माणसाला वस्तीवर कोणी भेटत नाही, आणि अर्ज पुराव्याअभावी निकाली निघतो.