घरात चित्र : चैन की गरज?



धानाचे पैसे हातात आले की घराघरात खर्चाची यादी होते. सोसायटीचे पीककर्ज, मुलांची फी, छपराची दुरुस्ती, नात्यातल्या लग्नाचा आहेर. उरलेच तर एखादे कपाट किंवा नवा मोबाईल. या यादीत 'एक चांगले चित्र' असे कुणी लिहीत नाही. कुणी सुचवलेच तर घरची माणसे हसतात. चित्राने पोट भरत नाही, अंग झाकले जात नाही. मग ते घेणे म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे आपण धरूनच चालतो. आधी पोटोबा, मग विठोबा, ही म्हण आपल्या तोंडी आहेच.

या संकोचामागे एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. शेजारी गरिबी असताना सुंदर वस्तूवर पैसा घालणे योग्य आहे का?

पहिली गोष्ट अशी, की आपली भिंत रिकामी कधीच नसते. खताच्या दुकानाचे, राईस मिलचे किंवा सोनाराचे कॅलेंडर तिच्यावर असतेच. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या घरात पोचली. ज्याला मूळ तैलचित्र कधीच घेता आले नसते, त्याच्याही भिंतीवर चित्र आले. हे फार मोठे काम झाले. छापील चित्र लावण्यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न इतकाच, की भिंतीवर जे आहे ते आपण निवडले आहे, की दुकानदाराने फुकट दिले म्हणून ते तिथे आहे? आपली मुले रोज ज्याकडे पाहत मोठी होतात, त्याची निवड आपण दुसऱ्यावर सोडून दिलेली असते.

आता गरिबांचा प्रश्न. बेथानीची घटना आपल्याला ठाऊक आहे. मरियेने जटामांसीचे अत्यंत मोलाचे सुगंधी तेल प्रभू येशूच्या चरणांना लावले. त्याची किंमत तीनशे दीनार सांगितली गेली. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची एका दिवसाची मजुरी एक दीनार आहे. म्हणजे हे तेल जवळजवळ वर्षभराच्या मजुरीचे होते! ते विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले. प्रश्न बिनतोड वाटतो. पण संत योहान सांगतो की यहूदाला गरिबांची काळजी नव्हती; थैली त्याच्याकडे असे आणि तो तीतून चोरी करी. संत मार्कच्या शुभवर्तमानात मात्र हीच तक्रार तिथे बसलेले काही जण करतात. त्यांच्यापैकी कुणी ती मनापासूनही केली असेल. म्हणजे एकच वाक्य एकाच्या तोंडी खरी कळकळ असू शकते आणि दुसऱ्याच्या तोंडी केवळ निमित्त.

आपले वाक्य कोणत्या जातीचे आहे, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. गरिबांकडे पाहून आपण चित्र घेतले नाही, तर वाचलेले पैसे पुढे कुठे गेले? ते कुणा आजाऱ्याच्या औषधाला, कुणा मुलाच्या वहीपुस्तकांना गेले असतील तर चित्र न घेणे हेच पुण्य. पण ते मोठ्या मोबाईलमध्ये गेले असतील, तर गरिबांचे नाव आपण उगाच घेतले.

गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत, असे प्रभू तेव्हा म्हणाले. या शब्दांचा आधार घेऊन गरिबांकडे पाठ फिरवता येत नाही. हे शब्द अनुवाद या ग्रंथाच्या १५ व्या अध्यायाची आठवण देतात, आणि तिथे आज्ञा आहे ती गरजू भावासाठी हात मोकळा ठेवण्याची. हात मोकळा ठेवणाऱ्याला सौंदर्यासाठीही हात उघडता येतो. मूठ आवळण्याची सवय लागली की दोन्हींसाठी ती आवळलेलीच राहते.

शिवाय चित्र काढणारा हासुद्धा बहुधा गरीबच असतो, हे आपण विसरतो. आपल्या भागात हे नवे नाही. गोंड कुळांच्या कथा परधान बाना वाजवून गात असत आणि गोंड घरे त्यांना धान्य, कपडा, गुरे देत असत. ती घरे काही सावकारांची नव्हती. तरीही कुळाचे गाणे जगले पाहिजे म्हणून कणगीतले धान्य निघे. तो आधार आटत गेला तसे गाणेही आटत गेले. बालाघाटच्या पलीकडे, दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढ गावचा जनगढसिंह श्याम हा परधान तरुण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात आला आणि गाण्यातले देव, झाडे, प्राणी कागदावर उतरवू लागला. २००१ साली जपानमध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला, पण त्याची वाट पुढे अनेकांनी धरली. त्याच गावचे भज्जू श्याम भोपाळमध्ये कधी रात्रपाळीचे पहारेकरी होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांनी ही चित्रे पैसे देऊन घेतली, त्यांच्यामुळे कितीतरी घरांची चूल पेटली.

'आपल्याला चित्रातले काय कळते?' हा दुसरा संकोच. पण पोळ्याला, दिवाळीला छुईने भिंत पोतारून तिच्यावर बोटाने नक्षी काढणाऱ्या आपल्या आजीने कोणत्या शाळेत हे शिकले होते? जे चित्र पाहून आपण थांबतो, घरी गेल्यावरही जे आठवते, ते आपल्यासाठी चांगले. एवढी पारख पुरे.

तिसरा संकोच लोकांचा. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियामातेला साडी नेसवली, तिला आपल्या मातीतला चेहरा दिला. त्यांच्यावर टीका झाली ती आपल्याच ख्रिस्ती माणसांकडून. पुढे ते पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढत राहिले. आज त्यांची कितीतरी चित्रे गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवलेली आहेत. मरियामाता आपल्या आईसारखी दिसू शकते, हे मान्य करायलाही धैर्य लागते. ते धैर्य चित्रकाराइतकेच घेणाऱ्यालाही लागते.

मग करावे काय? अंथरूण पाहून पाय पसरावे. कर्ज काढून चित्र घेऊ नये. औषध, फी आणि देणी आधी. दर महिन्याला थोडे बाजूला टाकावे आणि वर्षाकाठी कागदावरचे एखादे लहान चित्र घ्यावे. जमेल तर ते काढणाऱ्याच्या हातूनच घ्यावे, आणि फार घासाघीस करू नये. बाजारातल्या भाजीइतके ते लवकर निघत नाही, त्यात त्याचे दिवस गेलेले असतात. ते काचेच्या चौकटीत बसवावे. पावसाच्या ओलीची भिंत, चुलीचा धूर आणि थेट ऊन टाळावे, म्हणजे ते वर्षानुवर्षे टिकते. आणि चित्र घ्याल त्या दिवशी गरिबांच्या पेटीतही काही टाका. म्हणजे मनाला रुखरुख राहणार नाही आणि कसोटीही आपोआप होईल.

चित्र कुठलेही असो. पवित्र कुटुंबाचे असो, की हाजराच्या धबधब्याचे, की मोहाच्या झाडाखाली मोहफुले वेचणाऱ्या बाईचे. परमेश्वराने सृष्टी निर्माण केली तेव्हा ती पाहून त्याला चांगली वाटली, असे पवित्र शास्त्र सांगते. दिवसभर राबून आलेल्या माणसालाही घरात पाहण्यासारखे काहीतरी असावे. त्याचा तेवढा हक्क आहे.