शक्तीचे अधिष्ठान

अग्नीजवळ एक विशिष्ट मणी ठेवला म्हणजे अग्नी पेटलेला असूनही जाळीत नाही, आणि मणी उचलून घेतला की तोच अग्नी पुन्हा जाळू लागतो, हा दृष्टांत आपल्या दर्शनग्रंथांत शतकानुशतके चालत आलेला आहे. असा मणी कोणाच्या पाहण्यात होता की नव्हता याची चौकशी करण्याचे प्रयोजन नाही; त्याच्या आधारे जो प्रश्न उभा केला गेला तो मण्याचा नसून शक्तीचा आहे. प्राभाकर मीमांसकांचे म्हणणे असे की, मणी ठेवण्यापूर्वीचा अग्नी आणि मणी ठेवल्यानंतरचा अग्नी यांच्या रूपात वा ज्वाळेत यत्किंचितही फरक दिसत नसताना दाह मात्र थांबतो, त्या अर्थी अग्नीच्या ठिकाणी इंद्रियांना अगोचर अशी एक शक्ती असली पाहिजे व मणी तिलाच कुंठित करीत असला पाहिजे. सबब द्रव्य, गुण, कर्म इत्यादींच्या पंक्तीत शक्ती हा एक स्वतंत्र पदार्थ म्हणून बसविला पाहिजे. नैयायिकांनी ही दरखास्त नामंजूर केली. प्रतिबंधकाचा अभाव हेही एक कारणच आहे. अग्नी आहे आणि मणी नाही, एवढ्याने दाहाची उपपत्ती लागत असताना न दिसणाऱ्या शक्तीचा भार शास्त्राच्या डोक्यावर कशासाठी घालावा, हा त्यांचा सवाल होता. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननाने ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’च्या आरंभीच्या भागातच हा विषय घेतला, आणि पाठशाळेत न्याय शिकणारा विद्यार्थी आजही फार पुढे जाण्याआधी या वादापाशी येऊन थांबतो.

या वादाचा फैसला नैयायिकांच्या बाजूने झाला असे आपल्याकडे बहुधा समजले जाते. मला तो फैसला अंतिम वाटत नाही, आणि त्याची फेरतपासणी करावयाची तर मोडीत निघालेल्या एका दूरचित्रवाणी संचातून जमविलेल्या सामग्रीवर ती करता येते, असे मी अनुभवाने म्हणतो. पुण्याच्या जुन्या बाजारात काचेच्या नळीचे जुने टीव्ही एके काळी ढिगांनी येऊन पडत. त्यांच्या पोटात, मागच्या बाजूस, काळ्या राळेत बुडवून घट्ट केलेला मुठीएवढा एक ठोकळा असतो. त्यातून निघालेली जाड तांबडी तार रबरी टोपीखाली नळीच्या काचेत शिरते. दुरुस्तीवाले या ठोकळ्याला ‘एलओटी’ म्हणतात. त्याच्या एका अंगाला फेराइटचा करडा गाभा उघडा राहिलेला असतो. त्या उघड्या गाभ्यावर प्लॅस्टिकच्या आवरणाच्या तारेचे थोडेसे वेढे हाताने द्यावेत, त्यांतून बारा व्होल्टांच्या बॅटरीचा प्रवाह सोडावा, आणि त्याच भंगारातून काढलेल्या एका ट्रान्झिस्टरकडून तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडवून घ्यावा, म्हणजे तांबड्या तारेच्या टोकापासून जवळच्या खिळ्यापर्यंत निळसर जांभळी ठिणगी तडतडत धावू लागते व ओझोनचा तो तिखट, किंचित धातूसारखा वास खोलीत पसरतो. एक मिलिमीटर हवा भेदावयास साधारण तीन हजार व्होल्ट लागतात हे लक्षात घेतले, म्हणजे बारा व्होल्टांच्या बॅटरीपासून एवढ्या अंतराची उडी कशी साधली याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. परंतु जमाखर्च पाहू गेले असता असे दिसते की ही वेढ्यांची कॉइल नवी शक्ती मुळीच उत्पन्न करीत नाही. व्होल्ट वाढतात त्या प्रमाणात प्रवाह घटतो, आणि गाभा तापण्यात व आवाजात थोडी घट येऊन उरलेले तेवढेच ठिणगीच्या पदरी पडते.

आता येथे नैयायिकाला बोलावू. ठिणगी केव्हा उडते? बॅटरीचा प्रवाह वेढ्यांतून वाहत असतो तेव्हा ती उडत नाही. तो प्रवाह तोडला, की त्या तोडण्याच्या क्षणी, गाभ्यातील चुंबकत्व कोसळत असताना, ठोकळ्याच्या आतल्या केसासारख्या बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत प्रचंड विद्युत्दाब उत्पन्न होतो. टीव्हीत ही तोडण्याची क्रिया सेकंदाला १५,६२५ वेळा होत असे, कारण पडद्यावरची प्रत्येक रेघ संपताच प्रवाह तोडून किरण पुन्हा डावीकडे आणावयाचा असे. प्रवाहाचा अभाव हेच ठिणगीचे कारण झाले, असे म्हणून नैयायिक समाधान पावेल. परंतु मीमांसकाला हे पटणार नाही, आणि माझे मन त्याच्या बाजूस झुकते. बॅटरी कधी जोडलीच नाही, तर प्रवाहाचा अभाव सदैव आहेच, पण त्या अभावातून ठिणगी निघत नाही. अभावाला काही तरी साठलेले हाती लागावे लागते. ते साठलेले कोठे होते?

या प्रश्नाचे उत्तर त्या गाभ्यात पाहावयास मिळते. गाभा अखंड नसतो. तो फेराइटच्या दोन अर्ध्या तुकड्यांचा असून त्यांच्या सांध्यात कागदाच्या जाडीएवढी फट मुद्दाम राखलेली असते, आणि ती बुजू नये म्हणून तेथे पातळ पट्टी घातलेली असते. मी असा एक गाभा उघडला तेव्हा ती पट्टी पिवळी पडून ठिसूळ झालेली होती व नखाने सहज निघाली. प्रवाह वाहत असताना जी ऊर्जा साठते ती बव्हंशी या फटीत साठते. तांब्यात नाही, फेराइटमध्येही फारशी नाही. फेराइट चुंबकत्वाला विनासायास वाट देते, म्हणून त्यात साठवण्याजोगे काही राहत नाही. फट विरोध करते, म्हणून सारा संचय तिच्यात होतो. ही पट्टी काढून दोन्ही तुकडे एकमेकांना भिडविले तर गाभा लवकर संपृक्त होऊन जातो आणि ठिणगी निस्तेज होते. म्हणजे मीमांसक ज्या द्रव्यात शक्ती शोधीत होता त्या द्रव्यात ती नाही, आणि नैयायिक तिला कोठेच मानीत नव्हता तरी ती आहे. तिचे अधिष्ठान म्हणून हाती लागतो तो द्रव्याच्या दोन तुकड्यांमधला अवकाश. लोहचुंबकाभोवतालच्या रिकाम्या जागेला बलरेषांनी भारलेली मानणारा मायकेल फॅरेडे, आणि १८६५ मध्ये त्या कल्पनेला गणिताचे अंग देऊन ऊर्जा क्षेत्रातच वसते असे प्रतिपादणारा मॅक्सवेल, यांनी जे सांगितले ते आमच्या शास्त्रार्थात तिसरा पक्ष म्हणून मांडले जावयास हवे होते. ते मांडले गेले नाही याची मला खरोखर खंत वाटते.

तोडण्याने दाब उत्पन्न होतो हे ज्याने प्रथम मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले तो कोणी यंत्रकार नव्हता. आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मविद्यालयात निसर्गविज्ञान शिकविणारा निकोलस कॅलन हा दीक्षा घेतलेला रोमन कॅथलिक पुरोहित होता; रोममध्ये ईश्वरशास्त्राचे अध्ययन पुरे करून तो १८२६ मध्ये या अध्यापकपदावर आला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. १८३६ मध्ये त्याने लोखंडावर दोन तारा गुंडाळून पहिली प्रवर्तन कॉइल उभी केली व प्रवाह भराभर तोडण्यासाठी घड्याळाच्या यंत्रणेचा उपयोग केला. व्होल्ट मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. म्हणून धक्क्याचे बळ तो विद्यार्थ्यांच्या अंगावर पारखून पाही, आणि पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श अशा एका धक्क्याने बेशुद्ध पडले होते, अशी हकीकत सांगतात. याच हातांनी कॅलनने संत आल्फोन्सस लिग्वोरी यांच्या भक्तिपर ग्रंथांचे अनेक खंड इंग्रजीत आणले. त्याच्या हयातीतच पॅरिसच्या रूमकॉर्फ या कुशल कारागिराने कॉइलचे आवरण व वेढे सुधारून ती बाजारात आणली, पुढे नेपोलियन तिसरा याच्या शासनाकडून ५०,००० फ्रँकांचे पारितोषिक मिळविले, आणि जगाच्या दप्तरात कॉइलची नोंद रूमकॉर्फच्या नावे पडली. रंटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण दिसले ते अशाच कॉइलच्या साहाय्याने. कॅलनचे नाव विज्ञानाच्या इतिहासात परत यावयास विसावे शतक उजाडावे लागले. रूमकॉर्फने काही चोरले असे मी म्हणत नाही. त्याची कारागिरी खरी होती. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, कॅलनने आपल्या हक्काचा दावा लावण्यात आयुष्य खर्ची घातले नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. कर्ता हा पाचांतला एक. भंगारातून कॉइल करणाऱ्या मनुष्याला ही गणना जितकी प्रत्यक्ष दिसते तितकी ती इतरत्र क्वचितच दिसत असेल. कारण त्याच्या हाती येणारी प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणाच्या तरी कर्माचा अवशेष असतो. ती बारीक तार कोणत्या कारखान्यात कोणाच्या देखरेखीखाली गुंडाळली गेली, तो टीव्ही कोणाच्या घरात कोणती वर्षे चालला, तो का विकला गेला, यांतले काहीही त्याला ठाऊक नसते. त्याने आणले ते थोडे वेढे आणि तोडण्याची चेष्टा. तेव्हा ‘ही ठिणगी मी पाडली’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी तत्त्वतः त्याचा ताबा त्याच्याकडे येत नाही. याच अध्यायातील पुढच्या विवेचनाचा आधार घेऊन काही लोक असे म्हणू लागतात की, कर्तृत्व आपले नाही तर दोषही आपला नाही. हे मला सर्वथा अमान्य आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त फलाशेचा त्याग आणि कर्माचा त्याग यांतला भेद ज्या आग्रहाने मांडला आहे, तो आग्रह येथे अक्षरशः लागू पडतो, आणि विजेच्या बाबतीत तर त्याची परीक्षा ताबडतोब होते.

टीव्हीची चित्रनळी ही स्वतःच एक लेडन जार असते. काचेच्या आतून व बाहेरून काजळीवजा काळा लेप दिलेला असतो, आणि त्या दोन लेपांमध्ये हजारो व्होल्टांचा संचय राहतो. संच बंद केला, तारा काढल्या, तो अडगळीत नेऊन टाकला, तरी हा संचय कित्येकदा तसाच बसून असतो, आणि भंगारातून ठोकळा काढावयास गेलेल्या अनभिज्ञ हाताला तो पहिल्याच स्पर्शाला भेटतो. यज्ञ आटोपला, अग्नी विझला, ऋत्विज घरी गेले, आणि फळ मात्र कालांतराने मिळावयाचे; तर मधल्या काळात त्या कर्माचे काय राहते, असा पेच मीमांसकांपुढे आला तेव्हा त्यांनी ‘अपूर्व’ मानले. कुमारिलांच्या मते ते यजमानाच्या आत्म्याच्या ठिकाणी राहते. आणि ज्या नैयायिकांनी अग्नीतील शक्ती नाकारली, त्यांनाही कर्म व फल यांच्या मधला खंड भरून काढण्यासाठी आत्म्याच्या ठिकाणी ‘अदृष्ट’ मानावे लागलेच. भेद एवढाच की, काचेतला संचय कोणाच्या यजमानपणाची चौकशी करीत नाही. बटण दाबणारा एक आणि धक्का खाणारा दुसरा, असे येथे नेहमीच घडू शकते. म्हणून फळावरचा हक्क सोडून देणाऱ्यालाही मागे राहिलेल्या संचयाचा निकाल लावल्याशिवाय उठता येत नाही.

जाणता मेकॅनिक नळीला हात घालण्यापूर्वी जाड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरला एक तार बांधतो, तिचे दुसरे टोक नळीच्या बाहेरच्या लेपावर टेकलेल्या उघड्या वेणीला जोडतो, डावा हात पाठीमागे धरतो, आणि ड्रायव्हरचे पाते रबरी टोपीखाली सरकवितो. ‘टक्’ असा आवाज होतो. काही वेळ थांबून तो तीच क्रिया पुन्हा करतो, कारण एकदा रिकामी केलेली काच आपल्या अंगात मुरलेला विद्युत्भार हळूहळू परत लेपांवर आणून ठेवते, आणि दुसऱ्या वेळी पुष्कळदा आवाज पुन्हा होतो, पहिल्याहून लहान. तो भार पहिल्या व दुसऱ्या आवाजाच्या दरम्यान कोणत्या रूपाने होता, हे पदार्थविज्ञान आज बऱ्याच अंशी सांगू शकते. त्या अवस्थेला शक्ती म्हणावे की प्रतिबंधकाभावाची वाट पाहणारे द्रव्यच म्हणावे, हे मीमांसकाला व नैयायिकाला त्या टेबलाजवळ बसवून विचारावयाचे राहिले आहे.