पुरेसं म्हणजे किती किलोमीटर?

मार्च २०२५मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने ५ मिनिटांत सुमारे ४०० किलोमीटरची रेंज देणारं चार्जिंग जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात सीएटीएलने ५ मिनिटांत ५२० किलोमीटरचा दावा केला. हे आकडे चिनी चाचणीचे, प्रत्यक्ष रस्त्यावर कमीच भरतात. तरी इंजिनिअर म्हणून मला यातलं कौशल्य कळतं. घाईत चार्ज केलं की लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी दारातच खोळंबतात, धातू होऊन साचतात आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. ती गर्दी आवरणं सोपं नाही.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. चार्जिंग इतकं झटपट होणार असेल, तर एवढी मोठी बॅटरी हवीच कशाला?

मला गाडी घ्यायची आहे. महिंद्राची बीई ६ ही गाडी ५९ आणि ७९ किलोवॉट-तास अशा दोन बॅटऱ्यांत मिळते. माझं ऑफिस येऊन-जाऊन ३० किलोमीटर. म्हणजे मोठी बॅटरी मी गणपतीला कोकणात जाण्यासाठी घेणार आणि वर्षभर तिचं ओझं वाहणार. या दोन बॅटऱ्यांतल्या फरकात ३ किलोवॉट-तासांच्या सहा स्कूटर धावतील.

'माझे पैसे, माझी बॅटरी' म्हणता येतं. पण लिथियम माझं नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात आटवतात. त्याला वर्षभराहून जास्त काळ लागतो. माझी ५ मिनिटं तिथून येतात. तिथले आदिवासी समुदाय आपल्या पाण्याबद्दल अनेक वर्षं काळजी व्यक्त करत आले आहेत.

नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस पिंपं भरून ठेवतो. त्याला हावरट म्हणणं अन्यायाचं आहे. लांब पल्ल्याची बॅटरी हे असंच पिंप आहे. वाटेतला चार्जर चालू असेल याची खात्री नाही, म्हणून ज्याला परवडतं तो आपल्यापुरता साठा करतो. ज्याला परवडत नाही, तो नळाची वाट पाहतो. वेगवान चार्जिंगचं खरं मोल मला इथे दिसतं: नळ भरवशाचा झाला, तर पिंप लहान चालेल. पण आपण जाहिरातीत दोन्ही मागतो, मोठं पिंपही आणि जोरदार नळही. आणि नळ दुरुस्त करा म्हणून कुणी भांडत नाही.

तत्त्व पाळायचं मी, आणि घाटाखालच्या चार्जरवर रात्री तासभर ताटकळायचं आईने, हेही मला पटत नाही. पण आईला मी विचारू शकतो. ती नको म्हणू शकते. अटाकामातल्या माणसाला ती सोय माझ्या खरेदीत कुठेच नाही.

म्हणून आधी आईला विचारणार आहे. ती हो म्हणाली, तर ५९चीच घेईन.