पाहणाऱ्याची साक्ष

वात्स्यायनाने न्यायसूत्रांवर भाष्य लिहिलं त्याला दीड हजार वर्षं होऊन गेली. दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास कधी ठेवायचा, हा त्यातला एक प्रश्न आहे. उत्तर असं की सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला कळावी असं ज्याला मनापासून वाटतं. पुढे तो म्हणतो की ही कसोटी ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू आहे. आपल्या तत्त्वज्ञानात इतकं धाडसाचं वाक्य मला दुसरं सहज आठवत नाही.

मी चांदवडला अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवायचो आणि एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. कांद्याचे भाव, राहूड घाटातला अपघात, नवरात्रात रेणुकामातेला झालेली गर्दी, शिवारात दिसलेला बिबट्या. भिल्ल वस्ती या बातम्यांत दोनच प्रकारे यायची. चोरीच्या बातमीत नाव-आडनावासकट, आणि 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत ‘आदिवासी बांधव’ म्हणून. दोन्ही बातम्या लिहिणारा वस्तीत राहणारा नव्हता. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, बागेच्या कडेला पालं ठोकून राहतात आणि छाटणी उरकली की निघून जातात. त्यांच्याबद्दल तर एवढंही छापून येत नाही.

वात्स्यायनाच्या वाक्यासमोर मनुस्मृतीचा आठवा अध्याय ठेवून पाहावा. तिथे साक्षीदार कोण असावा याचे नियम आहेत. स्त्रियांची साक्ष स्त्रियांसाठी, शूद्रांची शूद्रांसाठी, अंत्यजांची अंत्यजांसाठी. म्हणजे खालच्याने पाहिलेलं खालच्यांपुरतंच खरं. वरच्याच्या व्यवहारात त्याच्या डोळ्यांना किंमत नाही. कोर्टातून हा नियम केव्हाच गेला. वर्तमानपत्रातून तो गेला आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. आदिवासी माणसाला आजही आदिवासींबद्दलच विचारतात. धरणाचं पाणी, कांद्याची निर्यातबंदी, शाळेतली शिक्षकभरती यावर त्याचं काय म्हणणं आहे, हे विचारायला कोणी जात नाही.

भिल्लांचा जो इतिहास आपल्याला कागदावर सापडतो तोही असाच. अहिल्याबाई होळकरांनी डोंगरातल्या भिल्लांना वाटेवरच्या मालावर थोडी कवडी घेण्याचा हक्क मान्य केला, हे आपल्याला इंग्रज अधिकारी जॉन माल्कमकडून कळतं. त्या अहिल्याबाईंचा रंगमहाल आमच्या गावात उभा आहे. 1857 साली भागोजी नाईकाने नांदूर शिंगोट्याला इंग्रजांशी झुंज दिली, पोलीस अधिकारी हेन्री त्यात मारला गेला, हे 1883 च्या नाशिक गॅझेटियरात वाचायला मिळतं. माल्कम राज्यकर्ता, गॅझेटियर सरकारी. भागोजीच्या बाजूने त्या दिवशी तिथे असलेल्या एकाचाही शब्द कागदावर उतरलेला मी पाहिलेला नाही. माहिती नोंदवणारे अभ्यासू होते, पण डोंगराच्या एकाच बाजूला उभे होते.

म्हणून निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या काही मुलींबरोबर भित्तिपत्रक सुरू केलं. कार्डशीट, स्केचपेन, समाजमंदिराची भिंत. ज्यांना लिहिता येत नाही ते फोनवर बोलतात, मुली ऐकून उतरवतात. हे काही नवीन नाही. मुकुंदराव पाटलांनी 1910 साली ‘दीनमित्र’ काढला आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवला. डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 चा. चित्रकूटच्या बायकांचा ‘खबर लहरिया’ 2002 पासून चालू आहे. छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरींनी 2010 मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केलं. त्यावर गोंडी बोलणारा माणूस साध्या फोनवरून बातमी नोंदवतो, ती तपासली जाते आणि मग इतरांना ऐकता येते.

आमच्या पहिल्या बातम्यांतली एक रेशनची होती. सांगणाऱ्या आजींचा जन्म कांदा निवडण्यात गेला. अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशन दुकानातलं ठसा घेणारं ई-पॉस मशीन त्यांना ओळखत नाही. मी लिहिली असती तर बातमी चार ओळींची झाली असती: ठसा न जुळल्याने वृद्धा धान्यापासून वंचित, दुकानदाराची मनमानी. आजींनी सांगितली ती अशी. पहिल्यांदा अंगठा लागला नाही तेव्हा त्यांनी शेजारच्या हॉटेलच्या नळावर हात धुतला. मग खोबरेल लावून पुसला. मग डाव्या हाताचा दिला. मागे रांग होती, लोक कुरकुरत होते, त्यांना लाज वाटली म्हणून त्या बाजूला झाल्या. दुकानदाराने नंतर परत बोलावून एकदा करून पाहिलं. त्याला दुसरी सोय ठाऊक होती की नाही हे आजींना माहीत नाही, म्हणून त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन सुनेकडून पीठ उसनं घेतलं. मुलीने विचारलं, नाव टाकू का? आजी म्हणाल्या, “टाक की. मी माझ्या डोळ्यानं पाहेल आहे.”

वात्स्यायनाच्या दोन्ही अटी या सांगण्यात पुऱ्या होतात. स्वतः पाहिलेलं आहे, आणि पाहिलं त्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. दुकानदाराला खलनायक करण्याची घाई बाहेरून लिहिणाऱ्याला असते. बातमीला एक आरोपी लागतो. आजींना फक्त धान्य हवं होतं आणि काय घडलं ते कळावं असं वाटत होतं. रांगेतली लाज हा या बातमीचा गाभा आहे. तिथे उभं राहिल्याशिवाय तो कोणाच्या हाती लागला नसता.

लोक या कामाला आदिवासींना आवाज देणं म्हणतात. आवाज त्यांच्याकडे होताच. कळवण-सुरगाण्याकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात मार्गशीर्षात रात्र रात्र नाच चालतो आणि पावरी वाजते. तिथे जाऊन आलेला माणूस आवाज देण्याची भाषा करणार नाही. उणीव ऐकणाऱ्याच्या ज्ञानात आहे. ज्या तालुक्यात हजारो माणसांनी पाहिलेलं नोंदवलंच जात नाही, तो तालुका अन्यायी तर आहेच, पण अडाणीही आहे. त्याला स्वतःच्या विहिरी, स्वतःचे ऊसतोड मजूर, स्वतःच्या शाळा ठाऊक नाहीत. 2022 साली इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावची कातकरी मुलगी मेली, तेव्हा लहान पोरं थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर मेंढपाळांकडे कामाला दिली जातात हे राज्याला कळलं. वस्तीला ते आधी ठाऊक होतं. मधला काळ एका मुलीच्या जिवाएवढा महाग पडला.

कायद्याने तरी ही साक्ष एके ठिकाणी मानली आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा एक पुरावा आहे. 2012 च्या दुरुस्तीत असंही म्हटलं आहे की उपग्रहाचं छायाचित्र पुराव्याला जोड म्हणून चालेल, पण दुसऱ्या पुराव्याच्या जागी नाही. हे वाचून मला वात्स्यायनाची आठवण झाली. कायद्याने ठरवलेल्या 13 डिसेंबर 2005 या तारखेच्या आधीपासून जमीन कोण कसत होतं, हे आकाशातल्या यंत्राइतकंच बांधाच्या शेजारी राहणारी म्हातारी सांगू शकते. पण दावा घेऊन गेलेल्याला विचारा: त्याच्याकडे दंडाची जुनी पावती मागतात, नकाशा मागतात, म्हातारीचा जबाब सगळ्यात खाली राहतो. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकरी मोर्चात असे दावेदार मोठ्या संख्येने होते. देशाने त्यांच्या सोललेल्या पायांचे फोटो पाहिले. दाव्यांचं काय झालं हे विचारायला फार थोडे लोक मागे राहिले.

आता अवघड भाग. वस्तीतला माणूस पाहतो, म्हणजे पहिली अट पुरी होते. दुसरीचं काय? एका मुलीला तिच्याच भावकीतल्या बाईबद्दल लिहायचं होतं. त्या बाईला डाकीण म्हणत होते, तिच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. वडीलधारे म्हणाले, हे बाहेर कशाला? आधीच लोक आपल्याला काय काय म्हणतात. त्यांचं दुखणं खोटं नाही. शंभर वर्षं ज्यांची फक्त बदनामीच छापली गेली त्यांना झाकून ठेवावंसं वाटणारच. तरीही मी मुलीच्या बाजूने उभा राहिलो, कारण आप्तपण जन्माने मिळत नाही. ऋषीला मिळत नाही तसं भिल्लालाही नाही. पाहिलेलं लपवलं त्या क्षणी ते जातं. मजकूर बाईंना वाचून दाखवला, त्यांनी होकार दिला, नाव नको म्हणाल्या, आणि तो नाव न घेता भिंतीवर लागला. वस्तीत त्यावर भांडण झालं, अजून मिटलेलं नाही.

आमच्या डोंगरात जैन लेणी आहेत, म्हणून गावातले स्नेही मला अनेकान्त ऐकवतात: प्रत्येकाचं सत्य वेगळं, सगळ्यांचं छापावं. मला अनेकान्त एवढा सैल वाटत नाही. एका वस्तूच्या अनेक बाजू असतात, पण वस्तू असावी लागते. आजींना त्या दिवशी धान्य मिळालं नाही, याला दुसरी बाजू नाही. का मिळालं नाही, याला आहे. वात्स्यायनाच्या परंपरेतले नैयायिकही म्हणतात की ज्ञान खरं आहे हे ज्ञानाच्या बाहेर जाऊन तपासावं लागतं, त्यावर विसंबून कृती केली तर ती फळते का हे पाहावं लागतं. म्हणून मुलींना मी पहिलं काम लावलं ते दुसऱ्या माणसाला विचारून येण्याचं.

सध्या त्यांच्यातली एक वीटभट्टीवरच्या उचलीची बातमी करते आहे. पाच कुटुंबांशी बोलून झालं: किती उचल घेतली, किती फिटली, हिशेबाची वही कोणाकडे असते. भट्टीमालकाकडे गेली तर तो म्हणाला, “सरांना पाठव, मी त्यांच्याशी बोलेन.” मी त्याला चिठ्ठी लिहिली आहे की बातमीदार तीच आहे, बोलायचं असेल तर तिच्याशी बोला, आठ दिवस थांबू, तुमचं म्हणणं आलं तर त्याच कागदावर तेवढ्याच जागेत लावू, नाही आलं तर आलं नाही असं लिहू. चिठ्ठीखाली सही तिची आहे. सोमवारी ती पुन्हा भट्टीवर जाणार आहे आणि वहीची पानं पाहायला मागणार आहे.