तेविसावा गुडघा

आमच्या कॉलनीत सकाळी सहा ते सात या तासात अकरा पुरुष अर्ध्या चड्डीत बाहेर पडतात. मी मोजलेत. कोणी दूध आणायला, कोणी कुत्र्याला फिरवायला, कोणी नुसतंच फाटकाशी उभं राहून पेपरवाल्याची वाट बघायला. सगळे पन्नाशीच्या पुढचे. दोघांच्या गुडघ्यांना पट्टे आहेत, एकाच्या पोटरीवर निळ्या-हिरव्या शिरांचं जाळं आहे, आणि एकाच्या बर्म्युड्यावर नारळाची झाडं नि पोपट छापलेले आहेत. या बावीस गुडघ्यांबद्दल गेल्या वीस वर्षांत कोणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

यंदा मे महिन्यात, नवतपा लागून तीन दिवस झाले असताना, तेविसावा आणि चोविसावा गुडघा बाहेर आला. ते माझे. गुडघ्याच्या चार बोटं वर संपणारी निळ्या खादीची हाफपँट, वर पांढरा सुती शर्ट, पायात कोल्हापुरी. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दोन पिशव्या दूध आणलं आणि परत आले. दुपारपर्यंत दोन फोन आले. एकीने विचारलं, "तब्येत बरी आहे ना गं?" दुसरीने विचारलं, "मुलीकडे परदेशात चाललीस का?" माझी मुलगी पुण्यात असते.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे पहिले नऊ दिवस, २५ मेपासून पुढचे. पारा ४५च्या आसपास घुटमळत असतो, रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते, आणि कूलर ओली हवा फेकत राहतो. त्यात पन्नाशीतली बाई म्हणजे तिच्या आत एक वेगळी शेगडी. आपल्याकडे पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७च्या घरात आहे, पण अंगातून उठणाऱ्या त्या वाफा पुढे कित्येक वर्षं पाठ सोडत नाहीत. माझं वय ५९. मानेपासून कपाळापर्यंत एकदम भडका उठतो, पाच मिनिटांत घाम फुटतो आणि परकराची नाडी ओली होते. या अवस्थेत बाईने सहा वार कापड गुंडाळून बसावं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा गुंडाळून बघावं.

पहिली अडचण शब्दाचीच आली. बाईच्या या कपड्याला मराठीत धड नाव नाही. चड्डी म्हटलं की आतली वाटते. अर्धी चड्डी म्हटलं की शाळकरी पोर आठवतं, नाहीतर 'सोंगाड्या'तले दादा कोंडके, नाडी लोंबवत आलेले. हाफपँट म्हटलं की जुन्या सिनेमातला हवालदार. आणि आमच्या नागपुरात हाफपँट म्हणजे अर्थातच संघ. गंमत अशी, की २०१६च्या विजयादशमीला संघाने खाकी हाफपँट उतरवून तपकिरी फुलपँट चढवली, म्हणजे गावातल्या पुरुषांच्या सर्वांत प्रसिद्ध पोटऱ्या झाकल्या गेल्या. ती जागा अजून रिकामी आहे असं मी सासूबाईंना म्हटलं. त्यांना विनोद आवडला नाही.

पोर, हवालदार, विदूषक, स्वयंसेवक. या चौघांत बाई कुठेच नाही. त्याचं कारण हा कपडा आपल्याकडे गणवेशातून आला. उष्ण मुलुखात गेलेल्या गोऱ्या फौजांनी विजारी गुडघ्यावर कापल्या आणि त्या आपल्या पोलिसांच्या अंगावरही चढल्या. बर्म्युडा नावाच्या अटलांटिकमधल्या बेटाने तर त्या कापलेल्या विजारीवर कोट, टाय आणि गुडघ्यापर्यंत मोजे चढवून तिला थेट ऑफिसात बसवलं. ऑलिंपिकच्या उद्‌घाटनालाही त्यांचा संघ त्याच वेशात चालतो. बायकांनी हा कपडा पुढे मैदानातून मिळवला. हेलन जेकब्ज या अमेरिकन टेनिसपटूने १९३३ साली पुरुषी कापाच्या शॉर्ट्स घालून खेळायला सुरुवात केली, तेव्हा तीही बातमी झाली होती. म्हणजे जगभर बाईच्या गुडघ्याला बाहेर यायला काहीतरी निमित्त लागलं: खेळ, कसरत, समुद्र. नुसतं उकडतंय हे निमित्त पुरत नव्हतं. अजूनही पुरत नाही.

मात्र 'आपल्यात बायकांचे पाय दिसत नाहीत' हे वाक्य ऐकलं की मला माझी आजी आठवते. भंडारा जिल्ह्यातलं धानाचं गाव. आषाढात रोवणी, म्हणजे भातलावणी, लागली की ती आणि गावातल्या तीस-चाळीस बाया लुगडं गुडघ्याच्या वर खोचून बांधीत उतरायच्या. चिखल पोटरीपर्यंत, पाठ वाकलेली, हातात पऱ्ह्यांची पेंढी. मांडीचा अर्धा भाग उघडा असायचा आणि बांधावर मालक, सालदार, बैल, पोरं सगळे असायचे. आजी तेव्हा साठीची होती. तिचे पाय काळे, चिवट, टाचांना भेगा पडलेले. ते शोभतात का, असा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. रोवणी आटोपून संध्याकाळी ती घरी यायची, विहिरीवर पाय धुवायची आणि उंबरठा ओलांडण्याआधी लुगड्याचा खोचा सोडायची. खोचा सोडला की घोटे झाकले. त्या एका हालचालीत मला या साऱ्या प्रकरणाचं मर्म दिसतं. पाय कामाला लावलेला असेल तर तो उघडा चालतो. काम संपलं की त्याने आत जायचं.

मुंबईच्या कोळणीचं लुगडं पाहा. गुडघ्याशी घट्ट आवळलेलं, मागे कासोटा, पोटऱ्या मोकळ्या. ओल्या फलाटावर टोपली घेऊन धावायचं तर दुसरं काय नेसणार? धुणं धुणारी, विटा वाहणारी, सडा घालणारी, कुणाचाही पाय आपण पाहिला नाही असं छातीवर हात ठेवून सांगा. पाहिला, आणि त्यात काही वाटलं नाही, कारण तो दुसऱ्याच्या उपयोगाचा होता. माझा पाय डेअरीपर्यंत स्वतःच्या सुखाने चालत गेला, हा खरा गुन्हा. त्यात मी निवृत्त मुख्याध्यापिका. म्हणजे त्याला पगारही नव्हता.

वरच्या जातींचं काय, असं कोणी विचारेल. तिथलं प्रकरण आणखी मजेचं आहे. कासोटा घालून नेसणं म्हणजे सकच्छ, न घालता नेसणं म्हणजे विकच्छ. सोवळ्यात सकच्छच हवं. नऊवारीचा कासोटा घातल्याशिवाय देवाचा स्वयंपाक होत नसे. म्हणजे दोन्ही पाय वेगवेगळे दिसतील असं नेसणं हे पावित्र्याचं लक्षण होतं आणि आज जिला आपण 'पारंपरिक साडी' म्हणून मिरवतो ती पाचवारी, ते गोल पातळ, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी घरांत आलं तेव्हा नव्या पोरींचं थेर होतं. दोन पिढ्यांत थेराची परंपरा झाली आणि पूर्वीची परंपरा लग्नातल्या फोटोपुरती शिवून तयार मिळू लागली, चेन लावलेली.

हे कासोट्याचं मी सासूबाईंना ऐकवलं. त्या ८४ वर्षांच्या आहेत, तरुणपणी नऊवारी नेसलेल्या, आणि वादात माझ्यापेक्षा चलाख. म्हणाल्या, "अगं, कासोट्यात पाय दिसतो तो लुगड्यातून दिसतो. तुझ्या चड्डीत आधी पायच दिसतो." मला उत्तर सुचलं नाही. चार दिवसांनी आजीची रोवणी आठवली तेव्हा सुचलं, पण तोवर त्यांचा विषय बदलून लोणच्यावर गेला होता. तरी त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे हे मी मान्य करते. नऊवारीची उघडी पोटरी आपल्या डोळ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहून पचवलेली आहे, हाफपँटचा गुडघा अजून पचलेला नाही. फरक सवयीचा आहे. सवय लागायला कोणीतरी दूध आणायला जावं लागतं.

सवयीचंच बोलायचं तर मला १९९४ सालची आमची स्टाफरूम आठवते. एका तरुण शिक्षिकेने ड्रेस घालून येण्याची परवानगी मागितली. ड्रेस म्हणजे पंजाबी ड्रेस. मराठीत बाईचा ड्रेस म्हटलं की बहुधा तोच. मानेपासून घोट्यापर्यंत झाकणारा, वर ओढणी. साडीत निदान पोट आणि पाठ दिसते, यात काहीच दिसत नाही. तरी तीन बैठका झाल्या. विद्यार्थ्यांवर काय संस्कार होतील, असं एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं. त्या बाई मीच, असं म्हणायची वेळ आली नाही, पण मी गप्प बसले होते. आज ती शिक्षिकाच मला म्हणते, "मॅडम, हाफपँट जरा जास्तच होतंय."

आणि गाऊन! त्यावर खरं तर वेगळा लेख हवा. झोपायचा कपडा, इंग्रजी नाव, फुलाफुलांचं कापड, बहुतेकदा निम्मं पॉलिएस्टर. तरी मराठी बाई तो घालून भाजीवाल्याशी हुज्जत घालते, बसस्टॉपवर नातवाला सोडते आणि वर ओढणी किंवा टॉवेल टाकला की तो सभ्य होतो. गाऊनवर टाकलेल्या टॉवेलाइतकं विनोदी वस्त्र जगात नसेल, पण त्यावर कोणी फोन करत नाही. कारण त्यात आकार नाही. पन्नाशीनंतर बाईने बिनआकाराचं व्हावं, एवढीच अपेक्षा असते. नीटनेटकी, मापाने शिवलेली, खिसे असलेली, इस्त्री केलेली हाफपँट गाऊनपेक्षा किती तरी व्यवस्थित कपडा आहे, हे मी कोणालाही पटवू शकलेले नाही.

या वयात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "या वयात शोभतं का?" आणि दुसरं, धीर द्यायला म्हणून, "आता या वयात कोण बघतंय?" दोन्ही एकाच तोंडातून, कधी कधी एकाच चहाच्या कपात. कोणी बघत नसेल तर न शोभल्याने कोणाचं बिघडलं? आणि बघत असतील, तर म्हातारी म्हणून मोडीत काढायची घाई का? माणसं बाईच्या कपड्याच्या लांबीवरून भांडतात तेव्हा त्यांना कमी-जास्तशी घेणंदेणं नसतं. २०२१ साली युरोपातल्या बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या मुलींच्या संघाला १५०० युरो दंड झाला, तो बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून. म्हणजे जास्त झाकलं म्हणून. जगभर ओरड झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. लांबी दुसऱ्याने ठरवायची, एवढाच तो नियम होता.

अंगभर झाकलेलं ते निरोगी, हाही एक भ्रम आहे. २०२४ साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वृद्ध बायांच्या कमरेवरच्या कर्करोगाची नोंद केली. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलेली नाडी किंवा लुगडं, घाम, घासून झालेली आणि न भरणारी जखम. त्यातली एक परकराशिवाय लुगडं आवळून नेसणारी होती, तब्बल ४० वर्षं. अशी उदाहरणं फार दुर्मीळ आहेत, घाबरून जायचं कारण नाही. पण कमरेवरचा तो काळा वळ आपल्यापैकी किती जणींना आहे, हे आंघोळीच्या वेळी पाहा. माझ्या कमरेवर आहे.

आता कामाचं. हाफपँट घ्यायचीच असेल तर दुकानात तरुण मुलींच्या भागात जाऊ नका, तिथलं माप आपल्याला रडवतं. शिंप्याकडे शिवून घ्या. कापड खादी, जाडसर सुती किंवा लिनन; मलमल नको, ते पारदर्शक दिसतं आणि घामाने चिकटतं. लांबी गुडघ्याच्या तीन-चार बोटं वर. बरोबर गुडघ्यावर संपली तर पाय ठेंगणा दिसतो, फार वर गेली तर चालताना मांड्या घासतात आणि संध्याकाळपर्यंत आग होते. पायाचा घेर सैल ठेवा. घेर मोठा असला की पाय आपोआप बारीक दिसतो. कमरेला पुढे सपाट पट्टी आणि मागे इलॅस्टिक, नाडीचं नाव काढू नका. खिसे दोन्ही बाजूंना, हात मनगटापर्यंत आत जाईल इतके खोल. आयुष्यात पहिल्यांदा किल्ली, फोन आणि सुटे पैसे माझ्या अंगावर असतात, हातात नाही. वर सैल शर्ट किंवा आखूड कुर्ता, शक्यतो त्याच रंगाच्या जवळचा. शिरा दिसतात? दिसू देत. पोपटवाल्या बर्म्युड्याच्या शेजारी तुमच्या शिरा कोणी मोजणार नाही.

एक मात्र नागपूरकर म्हणून सांगते. भर दुपारी बारा ते चार हाफपँट घालून रस्त्यावर जाऊ नका. आमच्याकडच्या उन्हात उघडी कातडी भाजते. त्या वेळी सैल, पातळ, अंगभर सुती कापडच शहाणपणाचं. स्कूटीवर निघालेल्या आमच्या मुली डोळे सोडून सगळं बांधून घेतात ते काही मर्यादेपायी नाही. हाफपँट सकाळची, संध्याकाळची आणि घरातली.

बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन स्पर्धेत धावल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्या पायांचं साऱ्या महाराष्ट्राने कौतुक केलं आणि ते रास्तच होतं. मला मात्र तेव्हापासून वाटतं, की त्या बाईला पैशाची काही गरज नसताना, सहज हौस म्हणून, पोटऱ्या उघड्या टाकून पारावर बसलेलं कोणी पाहिलं असतं, तर काय म्हणालं असतं?

माझ्याकडे आता तीन झाल्या आहेत. निळी, राखाडी आणि एक जुन्या इरकलीच्या काठाची, ती घरातच. डेअरीवाला पहिल्या आठवड्यात नजर चुकवायचा, आता सुट्या पैशांवरून भांडतो. तुम्ही शिवणार असाल तर सव्वा ते दीड मीटर कापड लागतं, पन्ह्याप्रमाणे. ते फेब्रुवारीतच घेऊन टाका आणि होळीच्या आत मापं द्या. एप्रिल-मेमध्ये शिंप्याकडे लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग असतो, तो हाफपँटला हात लावत नाही.