उतरवून घेतलेले चेहरे

मोबाईलमधले फोटो संगणकावर उतरत असताना त्या पडद्याकडे पाहत बसावे असे वास्तविक तिथे काहीच नसते. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते, तिच्याखालचा उरलेल्या मिनिटांचा आकडा कधी कमी होतो, कधी कुणालाही न विचारता वाढतो, आणि त्या पट्टीच्या पोटातून आपल्या चार-पाच वर्षांची बारशी, साखरपुडे, गौरींची आरास, दवाखान्याचे कागद, सातबाऱ्याचे उतारे आणि कुणीकुणी पाठवलेली ‘शुभ सकाळ’ची फुले सारख्याच निर्विकारपणे वाहत जातात. मी तरीही पाहत बसतो. अंबाजोगाईसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला नक्कल या क्रियेकडे तटस्थपणे पाहता येत नाही; ज्या गावात एका माणसाने कापडावर ग्रंथ लिहून ठेवला, त्या गावात ‘कशावर लिहिले तर टिकेल’ हा प्रश्न हवेतच असतो.

तो माणूस म्हणजे दासोपंत. ज्ञानेश्वरांच्या नंतर सुमारे तीनशे वर्षांनी, एकनाथांच्या काळात, त्यांनी गीतेवर ‘गीतार्णव’ नावाचा सव्वा लाख ओव्यांचा समुद्र निर्माण केला; रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, असे परंपरा सांगते. पण मला त्या समुद्रापेक्षा त्यांच्या पासोडीचे आकर्षण अधिक. पासोडी म्हणजे अंगावर पांघरायचे जाड कापड. सुमारे चाळीस फूट लांबीच्या अशा कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले, म्हणजे देह ज्या पाच महाभूतांचा बनला आणि ज्यांत तो विरणार, त्यांचा विचार त्यांनी देहावर घ्यायच्या वस्त्रावर मांडला. कागद उपलब्ध असताना कापड का निवडले, याची उत्तरे विद्वानांनी द्यावीत. मला एवढेच जाणवते की लिहिणाऱ्या त्या हाताला मजकुराइतकीच त्याच्या आसनाची चिंता होती. आज ती पासोडी ठिकठिकाणी विरली आहे, तिच्यातली कित्येक अक्षरे गेली आहेत. नश्वरतेवरचा ग्रंथ नश्वर वस्त्रावर क्षीण होत जावा यात मला विपर्यास वाटत नाही, एक प्रकारचा प्रामाणिकपणा वाटतो.

जुना नक्कलनवीस आणि माझा संगणक यांच्यात वेगाचा भेद आहे असे आपण सहज म्हणतो. पण खरा भेद डोळ्यांचा आहे. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक अक्षर पाहावे लागे, पाहता पाहता वाचावे लागे, वाचता वाचता तो कुठे थांबे, कुठे चुके, कुठे नकळत आपल्या मुलखाची बोली मिसळे. पोथ्यांतले पाठभेद हे त्याच्या डुलकीचे आणि त्याच्या रसिकतेचेही अवशेष असतात. संगणक चुकत नाही. शून्याला शून्य आणि एकाला एक असे तो लाखो वेळा अचूक उतरवतो, आणि हजारो चेहऱ्यांची ती अचूक नक्कल पूर्ण होते तेव्हा त्यातला एकही चेहरा कुणी पाहिलेला नसतो. न वाचता केलेली नक्कल ही मनुष्याच्या इतिहासात फार अलीकडची गोष्ट आहे, आणि तिचे परिणाम आपण अजून मोजलेले नाहीत.

मूळ आणि प्रत यांतले श्रेष्ठ-कनिष्ठही आता पुन्हा तपासावे लागते. आमच्याच जिल्ह्यात, बीडच्या पाटांगणावर, इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या शुद्धीकरणाच्या आधीची आहे अशी त्यांची धारणा होती, आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. तिच्या प्राचीनतेविषयी पुढे वाद झाले, ते होणारच होते. राजवाडे आणि वाद हे एकमेकांना सोडून फार काळ राहत नसत. पण ती मूळ पोथी पुढे दिसेनाशी झाली आणि अभ्यासकांच्या हाती उरली ती राजवाड्यांची छापील प्रत. आज ‘राजवाडे प्रत’ असे आपण म्हणतो तेव्हा मूळ हरवल्यावर मूळच्या आसनावर बसलेल्या नकलेविषयी बोलत असतो. मोबाईलच्या फोटोला तर मूळ नसतेच. खिशातला फोटो आणि घरच्या डिस्कवरचा फोटो यांत थोरला-धाकटा असा भेद करता येत नाही; जो शेवटी उरेल तोच मूळ.

याच्या उलट टोकाला आमच्या खेड्यांतल्या भिंतींवरच्या तसबिरी. जुन्या पिढीतल्या कितीतरी बायकांचा आयुष्यभरातला एकमेव फोटो मतदार ओळखपत्रासाठी काढलेला असतो. त्या गेल्यावर तोच बोटभर चेहरा तालुक्याच्या स्टुडिओत मोठा होतो, मागे निळे आकाश येते, कधी न नेसलेले जरीचे लुगडे अंगावर येते, आणि हार घालून ती तसबीर माजघरात लागते. त्या फोटोतले डोळे सरकारी कॅमेऱ्याकडे पाहून किंचित घाबरलेले असतात आणि तीच भीती पुढे दोन पिढ्या घरावर माया करीत राहते. एका फोटोत मावलेले आयुष्य आणि वीस हजार फोटोंत न मावणारे आयुष्य, यांत अधिक सुरक्षित कोणते, हे मला सांगता येणार नाही.

सुरक्षित ठेवायचे ते कसे, या प्रश्नाची महानुभाव पंथाने दोन निराळी उत्तरे दिली होती. म्हाइंभटांनी घरोघर, गावोगाव हिंडून चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे यादवांचे राज्य कोसळतानाच्या धामधुमीत ती पोथी गेली, तेव्हा शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. हिराइसेच्या तल्लख स्मृतीत उतरलेला पाठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो. जड वस्तू नष्ट झाली आणि जिवंत माणसाने तिची भरपाई केली. आजच्या भाषेत बॅकअप कंठात होता. दुसरे उत्तर सकळ लिपीचे. ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले की परक्याला ते हाती लागूनही लागत नाहीत. शतकानुशतके ते तसेच बंद राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी याच राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली. घरातला कर्ता माणूस अकस्मात जातो आणि त्याचा मोबाईल कुणालाच उघडता येत नाही, तेव्हा मला ही लिपी आठवते. पोथी कधीतरी एखाद्या राजवाड्यांची वाट पाहू शकते. कुलूपबंद फोनला तेवढे आयुष्य नसते.

आणि हे सगळे बोलताना ‘घरचा संगणक’ हे शब्द मी जितक्या सहजतेने वापरतो तितकी सहजता माझ्या जिल्ह्याची नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेला नवरा-बायकोचा एक कोयता सहा महिने फडाशेजारच्या कोपीत संसार मांडतो, आणि मागे आजीजवळ राहिलेल्या लेकराचा चेहरा त्यांना दिसतो तो मोबाईलवर. त्या लेकराचे पहिले पाऊल, शाळेतला पहिला दिवस, जत्रेतला फुगा, हे सारे त्या एका यंत्रात असते. ते पाटात पडले, चोरीला गेले, किंवा ‘मेमरी फुल’ म्हणून दुकानदाराने रिकामे करून दिले, की त्या घराचा इतिहास तेवढ्यापुरता संपतो. आपण नष्ट झालेल्या ग्रंथालयांसाठी हळहळतो. दर हंगामात अशी किती ग्रंथालये उसाच्या पाचटात हरवत असतील, त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी तरी कंपन्यांच्या आभाळावर सारा भार टाकू नये, असे माझे मत आहे. गुगलने फोटो ठेवायला दिलेली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आश्रय देणाऱ्याला भाडे मागण्याचा अधिकार असतोच. पण घरची डिस्कही अमर नाही. ती एखाद्या दिवशी कुरकुर करते आणि मिटते. म्हणून एक प्रत घरी, एक दुसऱ्या डिस्कवर, आणि शक्य तर एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे, ही जुनीच रीत बरी. ग्रंथही असेच मठामठांत विखुरले म्हणून वाचले. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या विंट सर्फ यांनी २०१५ साली लोकांना सांगितले की जे फोटो खरोखर जिवाचे आहेत ते कागदावर छापून ठेवा. ज्याने हे अदृश्य जाळे विणले त्यानेच कागदाची आठवण करून द्यावी, याचे मला मोठे आश्वासन वाटते.

तरीही टिकणे म्हणजे काय, हा प्रश्न डिस्कांच्या संख्येने सुटत नाही. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला गेलात तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. गावाचे नाव आणि आडनाव सांगताच ते लांबट वही उघडतात, आणि आपल्या पणजोबांच्या बापाने यात्रेला येऊन स्वतः सांगितलेली भावाबहिणींची, लेकरांची नावे आपल्यापुढे येतात. तिथे एकही चेहरा नसतो, पण कुळ उभे राहते. आपल्या डिस्कवर नेमके याच्या उलट आहे. चेहरे अपार, पण नाव कुणाचेच नाही. फोटोच्या पोटात यंत्र तारीख नोंदवते, कॅमेऱ्याची उघडझाप नोंदवते, कधी जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तेही बहुधा गळून पडते आणि चित्र आकसलेले असते. पण मांडवात डावीकडून तिसरी उभी असलेली, डोक्यावरचा पदर दातात धरलेली बाई कोण, हे कोणत्याच यंत्राला ठाऊक नाही. ते ठाऊक आहे घरातल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या आत्याला, आणि ती आज ओळखते म्हणून पुढच्या दिवाळीलाही ओळखेलच असे नाही.

म्हणून फोटो संगणकावर उतरवून झाले की हिरवी पट्टी संपल्याचे समाधान मानून उठू नका. आत्याला शेजारी खुर्ची द्या, एकेक फोटो तिच्यापुढे थांबवा, आणि ती सांगेल ते नाव, नाते, गाव तिथेच लिहून घ्या. जे फोटो पाहून कुणालाच काही सांगावेसे वाटत नाही, ते खुशाल काढून टाका.