अडीच गुंठ्यांचं पथ्य

पावसाळा लागला की आबांच्या पापण्या सुजायच्या. मग मानेवर आणि कोपराच्या खोबणीत चट्टे उठायचे, आणि दिवाळीपर्यंत खाजेनं झोप म्हणून लागायची नाही. पुरंदर तालुक्यातला हा खाऊनपिऊन सुखी शेतकरी या दुखण्यानं पार कावला होता. कुणी म्हणालं पित्त आहे, म्हणून आमसुलाचं पाणी अंगाला चोळून झालं, गेरू फासून झाला. कुणी वांगं सोडायला लावलं, कुणी शेंगदाणा. सोडता सोडता ताटात भाकरी आणि मीठ एवढंच उरायची वेळ आली. मध्ये एका डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, त्यांनी दोन दिवसांत आराम पडला. झालं! चिठ्ठी केव्हाच जुनी झाली, तरी आबा दुकानातून तीच गोळी आणून खात राहिले.

सासवडच्या वैद्यांकडे ते गेले तेही औषध ठरवूनच. पाव्हण्यांनी सांगितलं होतं, ॲलर्जीवर हरिद्राखंड घ्या, मुळापासून जाते. ('मुळापासून' हा शब्द आपल्याकडे औषधाच्या डबीवर जितका स्वस्त आहे तितका शेतात असता तर खुरपणीची मजुरी वाचली असती.)

वैद्यांनी डबीला हातच घातला नाही. म्हणाले, "पित्ताच्या गांधी उठतात आणि काही तासांत विरतात. तुमचे चट्टे आठवडेच्या आठवडे राहतात, कातडी जाड झालीय. हे शीतपित्त नव्हे. सदरा काढा बघू."

सदऱ्याखाली अंग स्वच्छ होतं. गळ्याशी, जिथं बटण लागतं, तिथं आखल्यासारखी रेघ होती. वर लाल, खाली काही नाही.

"दुखणं पोटातून आलं असतं तर बटण बघून थांबलं नसतं, आबा. मधे कधी बरं वाटलं होतं का?"

"गेल्या श्रावणात बहिणीकडं मुंबईला होतो, तेव्हा. तिच्या घरी जेवण साधं, सात्त्विक."

शेजारी बसलेल्या आबांच्या बायकोला राहवलं नाही. "सात्त्विक कसलं? श्रावण पाळायचं सोडून रोज बोंबील खात होते."

वैद्य हसले. संध्याकाळी स्कूटर काढून ते थेट आबांच्या शेतावर आले. सीताफळाची बाग बघितली, विहीर बघितली आणि बांधापाशी थांबले. तिथं अडीच गुंठ्यांची पट्टी कंबरभर गाजर गवतानं भरलेली होती. पांढऱ्या फुलांचा नुसता सडा पडला होता.

1950 च्या दशकात पुण्याच्या आसपास हे गवत पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात. त्याला काँग्रेस गवत हेही नाव पडलं. एक झाड हजारांनी बी टाकतं. त्यातल्या पार्थेनिनची ॲलर्जी एकदा जडली की झाडाला हात लावायचीही गरज उरत नाही. वाळलेल्या पानांची भुकटी वाऱ्यावर येऊन उघड्या अंगावर बसते आणि खाज उठते ती एक-दोन दिवसांनी. तोवर माणूस गवत विसरलेला असतो आणि काल खाल्लेल्या वांग्याला शिव्या देत असतो.

"सुश्रुतांनी सगळी चिकित्सा थोडक्यात सांगताना पहिल्यांदा कारण टाळायलाच सांगितलंय," वैद्य म्हणाले. "निदानपरिवर्जन. लावायला शतधौत घृत देतो, मंजिष्ठेचा काढा देतो. पण ही पट्टी अशीच राहिली तर माझा काढा नि तुमचा पैसा, दोन्ही बांधावर ओतल्यासारखं. पुण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडून पॅच टेस्टही करून घ्या, म्हणजे माझा अंदाज तपासला जाईल. आणि ती गोळी एकदम बंद करायची नाही. लागलेली सवयसुद्धा चरकांनी पाव-पाव हिश्शानं सोडायला सांगितलीय. ही तर स्टेरॉइडची गोळी. ती कशी उतरवायची ते ज्यांनी दिली त्यांना विचारा."

आबा गप्प झाले. पट्टी वादातली होती. धाकटा भाऊ तात्या आणि ते गेली कित्येक वर्षं या अडीच गुंठ्यांसाठी सासवडच्या कोर्टात तारखा करत होते. 'जैसे थे'चा हुकूम होता. एकानं पाऊल टाकलं की दुसऱ्याचा वकील अर्ज टाकायचा. त्यामुळे तिथं माणसाचा हात लागत नव्हता आणि गवताचं चांगलं फावलं होतं.

भावाच्या दारात जाण्यापेक्षा आबांनी रात्री बॅटरी घेऊन स्वतःच गवत उपटलं. निम्मंही झालं नसेल. दोन दिवसांनी दोन्ही डोळे मिटले ते उघडेनात.

वैद्य या वेळी चिडलेच. "तुम्ही त्याच्या जवळही जायचं नाही! दुसऱ्या कुणीतरी उपटायचं. हातमोजे घालून, तोंड बांधून, फुलं यायच्या आधी, मुळासकट."

"मजूर लावले तर तात्या अर्ज टाकेल."

"मग तात्यालाच सांगा."

सुजलेलं तोंड घेऊन आबा भावाच्या ओसरीवर गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण तात्यानं तोंडाकडे बघितलं आणि पहिल्यांदा बायकोला हाक मारून पाणी मागवलं. मग म्हणाला, "दादा, हे माझ्यामुळं झालं असं लिहून घेणार का आता?"

"नाही. गवत काढायचं लिहून दे."

दोघांच्या वकिलांनी कुरकुरत एक कागद केला. पट्टी साफ करण्यानं कुणाचा हक्क शाबीत होत नाही, असं त्यात घातलं. तात्यानं आणि त्याच्या पोरांनी गवत काढलं. पुढल्या पावसाच्या तोंडाशी वैद्यांच्या सांगण्यावरून तिथं टाकळ्याचं बी फेकलं. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. त्यातून आयुर्वेदात तो चक्रमर्द, कातडीच्या रोगांवरचा. आबांना त्यातलं काही पोटात घ्यावं लागलं नाही, बांधावर उगवला तेवढं पुरलं.

चट्टे समूळ गेले असं नाही. रस्त्याकडेला गवत आहेच, पावसाळ्यात आबा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, उपरणं गुंडाळतात. पण पापण्या उघड्या असतात आणि रात्री झोप लागते. डॉक्टरांनी गोळी उतरवत आणून बंद केली.

खटला मात्र चालूच आहे. श्रावणात टाकळा कोवळा होता तेव्हा आबांच्या वकिलांनी निरोप धाडला, की त्या पट्टीतली भाजी कुणी खुडू नका, वहिवाट दाखवायला दुसऱ्या बाजूला निमित्त मिळेल. तात्याच्या वकिलांचाही तसाच फोन आला. तोवर दोघी जावा एकेक पाटी खुडून, कांदा कुणी किती घातला यावर बोलत बसल्या होत्या.